डुकरं येऊन गेल्यावर: पंचनाम्याआधीचे तीन दिवस

सकाळी वावरात पोचलं आणि सोयाबीन लोळलेलं दिसलं की माणूस आधी आत धावतो. किती गेलं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जीव राहत नाही. पण त्या धावण्यातच अर्धा पुरावा पायाखाली जातो. उमरेड-भिवापूर-चिमूर पट्ट्यात शेतकऱ्यांसोबत वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीच्या भरपाईचे वनखात्याकडचे अर्ज भरताना आणि पंचनाम्याला उभं राहताना आम्ही एक नियम घालून घेतला आहे: आधी धुऱ्याने, म्हणजे वावराच्या बांधाने, पूर्ण फेरी, मग आत पाय. अर्ज टिकणार की परत येणार, हे पहिल्या तीन दिवसांत वावरातच ठरून जातं. पुढची कार्यालयातली धावपळ त्याच तीन दिवसांच्या कामावर चालते.

फेरीत शोधायची ती शिरण्याची वाट. डुकरांचा कळप नाल्याच्या, बोरी-बाभळीच्या झुडपाच्या किंवा पडीत वावराच्या अंगाने येतो आणि एकदा सापडलेली वाट सोडत नाही. धुऱ्यावरची ओली माती, पांदणीतला चिखल, ओलिताच्या दांडाचा काठ, इथे पाऊल चांगलं उमटतं. डुकराच्या पावलात पुढे दोन बोथट खूर आणि मागे, जरा बाहेरच्या अंगाला, दोन छोटे टोचे दिसतात. कोरड्या कडक मातीत टोचे उमटत नाहीत आणि मग शेळीचं पाऊल की डुकराचं, असा वाद पंचनाम्याच्या दिवशी होतो. म्हणून ओल्या जागेतलं एक तरी स्पष्ट पाऊल शोधायचं आणि त्यावर घमेलं उपडं घालून ठेवायचं. सप्टेंबरात दुपारी एक सर आली की सगळं पुसलं जातं. घमेल्याखालचं पाऊल दोन-तीन दिवस टिकतं.

रोह्याचं (नीलगायीचं) पाऊल मोठं आणि पुढे निमुळतं असतं. त्याची खात्रीची खूण म्हणजे लेंड्या. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे वावराच्या कडेला ढीग साचलेला सापडतो. चितळाच्या लेंड्या लहान आणि चरता चरता टाकलेल्या, म्हणून विखुरलेल्या असतात.

पिकावरच्या खुणा त्याहून जास्त बोलतात. पेरणीनंतर आठवडाभरात डुकरं तासाच्या (पेरलेल्या ओळीच्या) रेषेने नांगरल्यासारखी माती उकरत जातात आणि फुगलेलं बी खातात. शेंगा भरल्यावर ती सोयाबीन मोडतात, चघळतात आणि तिथेच लोळतात, त्यामुळे पीक चट्ट्या-चट्ट्याने झोपतं. मक्यात आणि उसात चघळून थुंकलेला चोथा पडलेला दिसतो. रोही तुरीचे शेंडे छातीच्या उंचीवरून ओरबाडतो आणि फांद्या मोडतो. चन्याचे घाटे भरताना तो वरचा भाग खुडून नेतो, खाली सोट राहतो. धानात डुकरं बांधीत लोळून लोंब्या चिखलात घालतात, तर चितळं कापल्यासारख्या लोंब्या खातात आणि ताटं उभी राहतात. वानरांनी केलेलं नुकसान अर्धवट खाऊन फेकलेल्या शेंगांवरून कळतं.

हे सगळं बारकाईने पाहायचं कारण एकच. पंचनाम्यात सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘मोकाट गुरांनी खाल्लं असेल’. गावातल्या जनावरांनी खाल्लेल्याची भरपाई वनखातं देत नाही. गुरांचं शेण पोहाच्या पोह पडलेलं असतं, खूर रुंद आणि गोल असतात, आणि गुरं सहसा उकरत नाहीत. भरपाई यादीतल्या प्राण्यांपुरतीच असते: रानडुक्कर, रोही, चितळ-सांबरासारखी हरणं, काळवीट, गवा, माकड, हत्ती. हत्तीचं नाव नागपूरकडच्या लोकांना दूरचं वाटतं, पण २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून गडचिरोलीत कळप शिरला तेव्हापासून तिकडच्या धानशेतीत ते रोजचं झालं आहे. अर्जात नुसतं ‘वन्यप्राण्यांनी नुकसान केले’ असं लिहू नये. प्राण्याचं नाव आणि ते कशावरून, दोन्ही लिहावं.

फोटोसाठी मोबाइलमध्ये तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापणारं जीपीएस कॅमेऱ्याचं अ‍ॅप घ्यावं. पहिला फोटो दुरून, ज्यात विहीर, वीजखांब किंवा धुऱ्यावरचं आंब्याचं झाड दिसेल, म्हणजे वावर कोणतं याला शंका राहत नाही. मग एकेका चट्ट्याचा मधल्या अंतरावरून. मग पाऊल, आणि पावलाशेजारी काडेपेटी. काडेपेटी सगळ्यांना माहीत असल्याने पावलाचं माप फोटोतच कळतं. लेंड्या, मोडलेली झाडं, शिरण्याची वाट, यांचे वेगळे. शेवटी शेतकरी स्वतः वावरात उभा असलेला एक. साध्या कागदावर काळे-पांढरे छापले तर पाऊल नुसता डाग दिसतो, म्हणून रंगीत छापावेत आणि तेच फोटो त्याच दिवशी आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, वनरक्षकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत. त्या संदेशाची वेळ पुढे कामी येते. एक सावधगिरी: फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढावेत. दुपारच्या उन्हात पावलाचा खोलगटपणा फोटोत दिसत नाही.

मोजणीसाठी आम्ही तेहतीस फुटांची सुताची दोरी ठेवतो. तेहतीस बाय तेहतीस फुटांचा चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. चट्ट्यावर दोरी अंथरून गुंठे मोजत गेलं की कुणी ‘अंदाजे पाव एकर’ म्हणालं तरी आपल्याकडे आकडा असतो. एक गुंठा जवळपास एक आर होतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, म्हणून अर्जातही आर लिहावेत. एकर आणि हेक्टर यांच्या घोळात नुकसान अडीचपट वाढून किंवा तितक्याच पटीने घटून कागदावर आलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि खोडाखोड झालेला पंचनामा पुढच्या टेबलावर अडतो.

पूर्ण लोळलेला भाग मोजणं सोपं. अवघड असतो तो अर्धवट मोडलेला. तिथे एक मीटर लांबी-रुंदीची बांबूच्या काड्यांची चौकट टाकायची, चार-पाच ठिकाणी, आणि जागा आवडीने निवडायची नाही. दहा-दहा पावलं चालून जिथे येईल तिथे टाकायची. सोयाबीन ४५ सेंटिमीटरच्या तासात आणि पाच सेंटिमीटरवर एक झाड धरलं तर एका चौकटीत ४४ झाडं बसतात. प्रत्यक्षात उगवण कमी असते, म्हणून उभी आणि मोडलेली दोन्ही मोजावीत. चाळीस झाडांतली दहा मोडली तर २५ टक्के.

एक हिशेब मांडून दाखवतो. वावरात पूर्ण झोपलेले तीन चट्टे: पाच, तीन आणि चार गुंठे, एकूण १२. शिवाय आठ गुंठ्यांत २५ टक्के मोड, म्हणजे दोन गुंठे. बेरीज १४ गुंठे. कोरडवाहू सोयाबीनचं एकरी सात क्विंटल धरलं तर १४ भागिले ४० गुणिले सात, म्हणजे दोन क्विंटल ४५ किलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. नुकसान झालं १३,०५३ रुपयांचं.

आता मिळतं किती? २०१५ च्या शासन निर्णयातली पायऱ्यांची रचना अशी: २,००० रुपयांपर्यंतचं नुकसान पूर्ण, त्याच्या वर १०,००० पर्यंत २,००० अधिक वाढीव रकमेच्या ५० टक्के, १०,००० च्या वर ६,००० अधिक वाढीव रकमेच्या ३० टक्के, आणि त्याला कमाल मर्यादा. या पायऱ्यांनी वरच्या उदाहरणात ६,००० अधिक ३,०५३ चे ३० टक्के, म्हणजे ६,९१६ रुपये हातात पडतात. तेरा हजार गेले, सात हजारांच्या आत आले, आणि त्यात झेरॉक्स, प्रवास आणि बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. नुकसान जितकं मोठं तितका भरपाईचा हिस्सा घटत जातो, ही रचना मुळातच शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे. जंगल सगळ्यांचं असेल तर त्याचा भार एकट्या धुऱ्यालगतच्या शेतकऱ्याने उचलणं बरोबर नाही. दर आणि मर्यादा शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून आपली रक्कम कोणत्या तारखेच्या निर्णयाने काढली ते कार्यालयात विचारून अर्जाच्या प्रतीवर टिपून ठेवावं.

पेरणीनंतर लगेच उकरलं असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागतो. कृषी सहायक म्हणतात, दुबार पेरा, पीक येईल. मग उत्पन्नाचं नुकसान शून्य दाखवलं जातं. अशा वेळी एकरी ३० किलो बियाणं, खत, तिफणीचं किंवा ट्रॅक्टरचं भाडं यांच्या पावत्या जोडून दुबार पेरणीचा खर्च पंचनाम्यात लिहून घ्यावा. बियाण्याची पावती जूनमध्येच जपून ठेवली नसेल तर इथे गाडी अडते.

अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचा. सोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत आणि फोटो. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची प्रत. वनजमिनीवरच्या अतिक्रमणाला भरपाई मिळत नाही. अर्जात गट क्रमांक, पीक, वाण, पेरणीची तारीख, कोणत्या रात्री नुकसान झालं, कोणता प्राणी, कशावरून आणि किती आर, एवढं लिहिलं की पुरे. ‘सर्व पीक नष्ट झाले’ असं लिहिलं आणि वावरात अर्धं उभं दिसलं तर खरं असलेलंही खोटं वाटू लागतं.

दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं म्हटलं तर थांबावं. शनिवार-रविवार किंवा पोळ्याची सुट्टी मधे आली तर तीन दिवस तसेच निघून जातात. तेव्हा वनरक्षकाला फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जाचा फोटो आणि वनखात्याच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार, तिन्ही करावं आणि सोमवारी कार्यालय उघडताच कागद द्यावा. अर्ज ऑनलाइन केला तरी पावती छापून घ्यावी.

हद्दीचा घोळ आमच्याकडे हमखास होतो. एकाच गावाच्या एका अंगाला प्रादेशिक वनविभाग, दुसऱ्या अंगाला वनविकास महामंडळाचं रान आणि तिसऱ्या अंगाला अभयारण्य किंवा व्याघ्रप्रकल्पाचं बफर. डुक्कर कोणत्या रानातून आलं यावर शेतकऱ्याला एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवतात आणि तीन दिवस त्यातच जातात. आपलं गाव कोणत्या परिक्षेत्राला, कोणत्या क्षेत्र सहायकाकडे आणि कोणत्या बीटात येतं, हे पेरणीआधीच विचारून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फोन क्रमांकांसह लिहून ठेवावं. आमच्याकडच्या ज्या गावांनी हे केलं तिथे अर्ज उशिरा जाणं जवळजवळ थांबलं.

पंचनाम्याला वनरक्षक किंवा वनपाल, तलाठी आणि कृषी सहायक यायला हवेत, आणि गावातले दोन पंच. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे आणि कृषी सहायकाचंही नाव बदललं, पण गावात जुनीच नावं चालतात. तिघांची एकाच दिवशी गाठ पडणं हीच खरी अडचण. एकाकडे पाच-सहा गावं असतात, त्यात अतिवृष्टीचे पंचनामे सुरू असले तर विचारायलाच नको. शेतकऱ्यांनी एकेकट्याने फोन करण्यापेक्षा त्या आठवड्यातले सगळे अर्जदार मिळून एकच दिवस मागितला तर तिघंही येतात, कारण एका फेरीत सहा वावरं होतात.

तोवर पीक उभं ठेवावं लागतं आणि इथे फार नुकसान होतं. सोयाबीन पिकून शेंगा तडकायला लागल्या, मजूर ठरलेले, हार्वेस्टर गावात आलेलं, आणि पंचनामा बाकी. सोंगणी केली तर पुरावा गेला, थांबलं तर उरलेलंही गेलं. अशा वेळी आम्ही मोडलेल्या चट्ट्यांभोवती एक-दीड मीटरची उभ्या पिकाची कड सोडून बाकीचं सोंगायला सांगतो. आधी लेखी कळवायचं: अमुक तारखेला सोंगणी करीत आहे, नुकसानग्रस्त भाग राखून ठेवला आहे. कडेचं उभं पीक आणि आतलं लोळलेलं शेजारी शेजारी दिसलं की टक्केवारी काढणंही सोपं जातं.

पंचनाम्याच्या दिवशी आपली मोजणी पुढे करावी, पण दोरी त्यांच्यासमोर पुन्हा टाकावी. मोजलेला आकडा समोर असला की अधिकारी सहसा त्याला हात लावत नाहीत. सही करण्याआधी, “साहेब, एकदा वाचून दाखवा जी,” एवढं म्हणायला संकोच करू नये. पाहायच्या गोष्टी अशा: गट क्रमांक बरोबर आहे का, क्षेत्र आरमध्ये आहे का, प्राण्याचं नाव आहे का, टक्केवारी भरली आहे का. टक्केवारीची जागा कोरी ठेवून सही कधीच करू नये. प्रत हातात मिळाली नाही तर मोबाइलवर फोटो घ्यावा.

त्याच वावरात पुन्हा नुकसान झालं तर? डुकरं चौथ्या दिवशी परत येतातच. नवीन नुकसानीचा नवीन अर्ज द्यावा आणि त्यात आधीचा आवक क्रमांक लिहावा. आधीचे चट्टे फोटोत वेगळे ओळखता यावेत म्हणून तिथे चुन्याची रेघ किंवा काठीला चिंधी बांधून ठेवलेली असावी.

अर्ज परत येण्याची कारणं दर वर्षी तीच. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) केलेली नसते, किंवा तिथे पऱ्हाटी (कापूस) नोंदलेली आणि वावरात सोयाबीन. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, पैसे एकाच्या खात्यावर मागितलेले आणि बाकीच्यांचं संमतीपत्र नाही. मरण पावलेल्या वडिलांच्या नावावरून फेरफार झालेला नाही. खातं बंद पडलेलं, किंवा आधारशी जोडलेलं नाही. मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याचं तर फारच अवघड, कारण रक्कम सातबाऱ्यावरच्या मालकाच्या नावाने निघते. मक्ता ठरवतानाच वन्यप्राण्यांची भरपाई कोणाची हे कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. जून महिन्यात हा विषय काढला तर कुणाला राग येत नाही. ऑक्टोबरात काढला तर संबंध बिघडतात.

पीकविम्याचाही एक नवा मार्ग उघडला आहे. वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्ती म्हणून विम्यात धरायचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याची सूचना ७२ तासांत पीकविम्याच्या अ‍ॅपवर जिओ-टॅग फोटोंसह द्यायची आहे, आणि राज्याने अधिसूचित केलेले प्राणी व भाग यांनाच ते लागू राहील. वर सांगितल्याप्रमाणे फोटो काढले असतील तर तेच इथेही चालतात.

जनावर मारलं गेलं असेल तर मुदत आणखी कमी, ४८ तास. मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवायचं नाही. गिधाडं आता फारशी राहिली नाहीत, पण कुत्री आणि रानडुकरं रात्रीत ओढून नेतात, म्हणून काटेरी फांद्या टाकून ठेवाव्यात. मात्र जवळ बसून राखण करू नये, कारण वाघ शिकारीवर परत येतो. पशुवैद्यकीय अधिकारी किंमत ठरवतात. गाय, बैल, म्हैस यांना २०२२ च्या शासन निर्णयाने बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांतली कमी रक्कम, शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५,००० यांतली कमी. वाघ बहुधा मागच्या मांड्यांकडून खायला सुरुवात करतो, बिबट पोटाकडून. संतापाच्या भरात त्या मढ्यावर औषध टाकायचा विचार कुणाच्या मनात आला तर घरच्यांनी त्याला आवरावं. वाघ मरतो, त्या मढ्यावर येणारी कुत्री मरतात, भरपाई जाते आणि घरचा कर्ता माणूस तुरुंगात जातो.

आता रात्रीचं. अर्ज दिला तरी डुकरं थांबत नाहीत, म्हणून पंचनामा होईपर्यंतही राखण लागतेच. साड्यांची कुंपणं दोन-तीन आठवडे काम करतात, मग डुकरं खालून निघतात. भोंग्यावरचा एकच आवाज रोज वाजवला तर तो आठवडाभरात ओळखीचा होतो. चिंध्यांत फोरेट बांधून लावण्याची जुनी पद्धत पूर्ण सोडावी. त्या औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे आणि ते हाताळणाऱ्याच्याच अंगात भिनतं. प्लॅस्टिक पाइपात कार्बाइड घालून उडवायच्या तोफेने डोळे जातात. भुईमूग किंवा चन्याभोवती करडईचे चार-पाच तास मात्र उपयोगी पडतात. काटे आल्यावर डुक्कर त्यात तोंड घालत नाही. पण चारी बाजूंनी सलग हवेत. वखर फिरवायला म्हणून सोडलेल्या दहा फुटांतूनच कळप शिरतो.

टिकाऊ इलाज म्हणजे सौर झटका कुंपण. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वैयक्तिक कुंपणासाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी रक्कम, अशा अनुदानाने आमच्याकडे बरीच यंत्रं आली. आणि त्यांतली कितीतरी दुसऱ्या हंगामात बंद पडून कोठ्यात गेली. यंत्र बिघडलं असं शेतकरी सांगतो. उघडून पाहिलं तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा किंवा गवताचा निघतो.

झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा, हजारो व्होल्टचा ठोका तारेत सोडतं. तो ठोका डुकराच्या अंगातून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईकडे परत गेला तरच झटका बसतो. आपली काळी माती पावसाळ्यात छान वाहक असते, पण डिसेंबरनंतर भेगा पडतात आणि सळईभोवती पोकळी होते. म्हणून एका सळईवर भागत नाही. किमान तीन जस्त चढवलेल्या लोखंडी सळया, प्रत्येकी चार ते सहा फूट खोल, एकमेकींपासून दहा फुटांवर, आणि तिन्ही जाड तारेने घट्ट जोडलेल्या. खड्ड्यात कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. विहिरीच्या किंवा दांडाच्या ओल्या जागेजवळ सळया गाडल्या तर हा त्रास वाचतो.

अर्थिंग तपासायची रीत सोपी आहे. कुंपणाच्या दूरच्या टोकाला लोखंडी सळई जमिनीत ठोकून, यंत्र बंद असताना, ती तारेला जोडायची, म्हणजे यंत्र सुरू केल्यावर तारेतला दाब मुद्दाम खाली येतो. मग शेवटच्या अर्थिंग सळईवर टेस्टर लावायचा. तिथे २००-३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमी पडतं आहे, आणखी एक सळई ठोका. कुंपणावर एरवी पाच-सहा हजार व्होल्ट दिसायला हवेत. तीन हजारांच्या खाली आलं की राठ केसांचं डुक्कर त्याला जुमानत नाही.

तारा डुकरासाठी जमिनीपासून सहा इंच, १४ इंच आणि २४ इंचांवर. रोही असेल तर त्यावर साडेतीन आणि पाच फुटांवर आणखी दोन. सगळ्यांत महत्त्वाची खालची तार. डुकराच्या अंगावरचे केस झटका अडवतात, ओलं नाक अडवत नाही, आणि ते नाक सहा इंचांवर असतं. धुरा जिथे खचला, नाली जिथे आडवी जाते, तिथे तारेखाली फूटभर जागा राहते आणि कळप तिथूनच जातो. अशा जागी जास्तीचा खुंट ठोकून तार खाली ओढावी. खांब १२ ते १५ फुटांवर आणि प्रत्येक तारेला इन्सुलेटर हवाच. बाभळीच्या झाडाला सरळ गुंडाळलेली तार पावसात सगळा झटका झाडातून जमिनीत सोडते. कोरड्या दिवसांत मधली एक तार यंत्राऐवजी अर्थिंगला जोडून ठेवली तर जनावर दोन तारांना एकदम लागताच पूर्ण झटका बसतो, मातीवर अवलंबून राहावं लागत नाही.

गवत हा दुसरा शत्रू. श्रावणात पंधरा दिवस तारेखाली विळा फिरला नाही तर ओली पाती खालच्या तारेला टेकतात आणि तारेतला दाब दोन हजार व्होल्टवर आणून सोडतात. ढगाळ आठवड्यात बॅटरी आधीच अशक्त असते, त्यात ही गळती. यंत्र फक्त रात्री लावून भागत नाही का, असं विचारतात. पहिले दोन-तीन आठवडे तरी रात्रंदिवस सुरू ठेवावं, कारण डुकराला पहिल्यांदाच जोराचा झटका बसला पाहिजे. मेलेली तार एकदा ओलांडलेलं डुक्कर नंतर झटका खाऊनही पुढेच पळतं, मागे वळत नाही.

आणि यंत्र बंद पडलं म्हणून तारेला खांबावरचा करंट जोडणं, हे कुठल्याही कारणाने करू नये. झटका मशीनचा ठोका क्षणात संपतो आणि माणूस मागे फेकला जातो. २३० व्होल्टचा सलग प्रवाह स्नायू आवळून धरतो, हात सुटत नाही. कृषिपंपाला रात्रीची वीज असते, म्हणून शेजारी रात्रीच ओलित करायला अंधारात धुऱ्याने येतो. विदर्भात अशा तारांवर शेतकरी, गुराखी, घरचीच माणसं आणि वाघ मेले आहेत. जोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा, वाघ मेला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा आणि सोबत वीजचोरीचा गुन्हा लागतो. मेलेल्या माणसाच्या घरचं काय होतं, ते तर आपण आपल्याच गावांत पाहतो. कुणाच्या वावरात अशी तार दिसली तर त्या घरी जाऊन त्याच दिवशी बोलावं, आणि ऐकलं नाही तर पोलीस पाटलांना सांगावं. शेजारधर्म बिघडेल म्हणून गप्प बसू नये.

जागलीला जाणाऱ्याने दोघांनी जावं. माचीवर बसावं, धुऱ्यावर झोपू नये. वाघाच्या भागात पहाटे उजाडण्याआधी आणि तिन्हीसांजेला वाकून काम करू नये. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. जाता-येता मोठ्याने बोलत राहावं, टॉर्च पायाखाली नाही तर पुढच्या झुडपांवर मारावा. जखमी डुकराच्या मागे झुडपात तर कधीच शिरू नये. पिल्लांसोबतची मादी किंवा घायाळ नर सरळ मांड्यांवर येतो आणि सुळ्याने मोठी नस फाडली तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत वेळ उरत नाही. तशी जखम झालीच तर स्वच्छ धडप्याने जखमेवर जोराने दाब धरून ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. वनरक्षकाला तासाभरात कळवावं आणि दवाखान्याच्या कागदावर ‘रानडुकराच्या हल्ल्याने’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. नुसतं ‘पडून जखम’ असं लिहिलं गेलं की जखमीची भरपाई अडते, आणि तो शब्द नंतर बदलून मिळत नाही.